पाच मिनिटांत काय सांगणार

सोमवार, २ सप्टेंबर
आजची गावसभा ऐतिहासिक. एकमत झालं. तेही माझ्या नावावर.

पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. गावात नवं चर्च बांधतोय. भिंती उभ्या आहेत, घंटेचा मनोरा अर्धा झालाय. गेल्या आठवड्यात राजधानीहून, म्हणजे आपियाहून, सरकारी इन्स्पेक्टर आला. बांबूची परांची हलवून बघितली, ती हलली. विचारलं, इथला सेफ्टी ऑफिसर कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तो म्हणाला, गावातला एक माणूस सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवा. तोवर काम चालू ठेवा, पण तो पास झाला नाही तर बंद.

माझं नाव सुचवलं पासीनाने. पासीना म्हणजे गावचा दोन नंबरचा वक्ता. एक नंबर मी. सूर्य पूर्वेला उगवतो याबाबतीतही गेली तीस वर्षं तो माझ्याशी सहमत झालेला नाही. आज म्हणाला, "सहा आठवडे रोज आपियाला जायचं म्हणजे लेउतूशिवाय कोण?" शेवटी माणसाला गुणांपुढे झुकावं लागतं.

आभाराचं भाषण मी अर्ध्यावर आणेपर्यंत सगळे हात वर करून उठलेसुद्धा.

चर्चच्या छपराचा रंग अजून ठरायचाय. मी हिरवा म्हणतो, बाकी सगळे लाल. पाच महिने चर्चा चालू आहे, कारण माझे मुद्दे संपलेले नाहीत. बजावून आलो, मी परत येईपर्यंत हा विषय बंद. सगळ्यांनी इतक्या लगबगीने माना डोलावल्या की मला भरून आलं.

सिलीपाने (बायको) विचारलं, "रोज पहाटे जाणार आणि थेट संध्याकाळी येणार?" हो म्हटल्यावर तिने आपणहून कोको केला.

सोमवार, ९ सप्टेंबर
पहाटे साडेपाचची बस. बस गच्च; माझ्या मांडीवर एक शाळकरी पोरगी, तिच्या मांडीवर तारोच्या कंदांची पिशवी. मनाशी निश्चय: वर्गात पहिला यायचं, पण बाकीच्यांना वाईट वाटेल असं नाही.

अकरा विद्यार्थी. माझ्याखालोखाल मोठा जो आहे तो चौतीसचा, मी त्रेसष्ट. शिकवायला पेरेनीसे नावाची मुलगी. सहा वर्षं ऑकलंडला छपरांवर काम करून आलेली. हाताला घट्टे. म्हणाली, प्रत्येकाने एका मिनिटात ओळख करून द्या.

मी सुरुवात गावाच्या स्थापनेपासून केली. पणजोबांपर्यंत येतो न येतो तोच तिने घंटी वाजवली. मला वाटलं जेवायची सुट्टी. उठून बाहेर गेलो. बाहेर कोणीच नव्हतं.

गुरुवार, १२ सप्टेंबर
हेल्मेट बसत नाही. सगळ्यांत मोठं आणलं तरी डोक्यावर वाटीसारखं तरंगतं. आमच्या घराण्यात डोकी मोठीच. पेरेनीसे म्हणाली, "काका, आतला पट्टा सैल करा." पट्टा सैल करणं म्हणजे अडचणीवर वरवरचा उपाय. दंडात अडकवून फिरलो.

बुटांचंही तेच. माझ्या पायाच्या बोटांना त्रेसष्ट वर्षांचा अनुभव आहे, त्यांना लोखंडी टोपी कशाला? संध्याकाळी सिलीपाने फोडांवर खोबरेल लावलं आणि म्हणाली, बाकीची दहा पोरं कशी घालतात? ती पोरं आहेत म्हणून.

मंगळवार, १७ सप्टेंबर
पहिली लेखी परीक्षा. तीसपैकी एक.

खुलासा: प्रश्न फार तोकडे होते. "विजेची आग कशाने विझवू नये?" अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं हा अग्नीचा अपमान. मी आगीच्या उगमापासून लिहिलं. कागद संपला, पुरवणी मागितली, तीही संपली. बाकीच्या एकोणतीस प्रश्नांना जागाच उरली नाही. या हिशोबाने सोडवलेल्या प्रश्नांत मला शंभर टक्के पडले. वर्गात असं कोणालाच जमलेलं नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर
आज माझा दिवस होता. सेफ्टी ऑफिसरने रोज सकाळी कामगारांपुढे पाच मिनिटं बोलायचं असतं. आज काय काम, धोका कुठे, काय सांभाळायचं. हे कळल्यापासून मी खूश. म्हणजे या नोकरीचा गाभा भाषण हाच आहे. बाकी हेल्मेट वगैरे पालापाचोळा.

विषय: शिडी. पन्नास मिनिटं बोललो. बायबलातल्या याकोबाच्या शिडीवरून आमच्या गावच्या नारळाच्या झाडांवर आलो, तिथून आज्ञाधारकपणावर. एक मुलगा ऐकता ऐकता खुर्चीवरून पडला. मी तिथल्या तिथे नोंद केली: खुर्च्या धोकादायक.

पेरेनीसे म्हणाली, "काका, शिडी भिंतीला किती तिरकी लावायची ते राहिलं."
ते मी दुसऱ्या भागासाठी ठेवलं होतं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर
वाद झाला. शांतपणे लिहितो.

तोंडी सराव चालू होता. तिने सांगितलं, कप्पीला ओझं टांगलेलं आहे, दोर सुटतोय, खाली माणूस उभा आहे. बोला. मी विचारलं, माणूस कोण आहे? ती म्हणाली, समजा एखादे सरदार. मग झालं. सरदाराशी बोलायचं तर आधी त्याच्या किताबाला वंदन, मग घराण्याला, मग त्याच्या गावातल्या सभेच्या जागेला. मी सुरू केलं.

तिने घड्याळ बघितलं. "ते गेले, काका."
कुठे गेले?
"मेले. तुम्ही अजून त्यांच्या आजोबांपाशी आहात."

वर्ग हसला. मी म्हटलं, मग तू काय म्हणशील? ती म्हणाली, "हट." एवढंच. मी सांगितलं, हट हे कोंबड्यांना म्हणतात. त्यावर तिने हातातली वही मिटली. मग सांगितलं की ऑकलंडला तिच्याबरोबर एक वयस्कर गृहस्थ काम करायचे, आपल्याकडचेच. वरून पत्रा घसरताना तिने पाहिला. पण एवढ्या मोठ्या माणसाला नावाने हाक कशी मारायची, हे ठरवण्यात एक क्षण गेला. ते आता कुबड्या घेऊन चालतात.

वाईट वाटलं. मुलगी चांगली आहे, शब्दसंग्रह मात्र कमी पडला. मी असतो तर तिला योग्य संबोधन लगेच सांगितलं असतं.

रविवार, ६ ऑक्टोबर, दुपार
जेवण गेलं नाही. (दोनदाच वाढून घेतलं.)

प्रार्थनेहून परत येताना चर्चमागे पत्र्यांचे गठ्ठे दिसले. लाल. सगळे लाल.

पासीनाला विचारलं. तो म्हणाला, "तू अभ्यासात होतास, तुला कशाला त्रास द्यायचा?" ठराव कधी झाला? दहा सप्टेंबरला. म्हणजे मी बसमध्ये बसलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. चर्चा किती वेळ चालली? "चहा थंड व्हायच्या आत झालं."

सिलीपा म्हणते, पाच महिन्यांचं काम एका दिवसात झालं, बसवाल्याचे उपकार माना. हिला राजकारण कळत नाही. ट्रेनिंगला पाठवणं हा कट होता, हे आता सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे. असू दे. उद्यापासून शेवटचे दोन आठवडे प्रत्यक्ष काम, तेही आपल्याच चर्चवर. ज्या छपरासाठी मला दूर केलं, त्या छपरावर माझ्या परवानगीशिवाय एक खिळा ठोकला जाणार नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर
कामावर पहिला दिवस. परांचीवरचा मुकादम एतुआले, सिलीपाचा भाचा. चांगला माणूस, पण घाईचा. सकाळी सातला कामगारांपुढे बोलायला उभा राहिलो. नियम पाळला, ठरवून आखूड केलं. तरी एतुआले म्हणाला, "काका, सातला सुरू केलंत, आता दहाचा चहा आला. सिमेंट कालवलेलं होतं."
सिमेंट कडक झालं यात माझा दोष नाही, तो सिमेंटचा गुण आहे.

जाहीर केलं की हेल्मेट नसलेल्याला गावच्या रिवाजाप्रमाणे मासळीच्या डब्यांची एक पेटी दंड. तेव्हा सगळे माझ्या दंडाकडे बघायला लागले, तिथे माझं हेल्मेट होतं. उद्यापासून नियमात "डोक्यावर" हा शब्द घालावा की नाही, याचा विचार करतोय.

गुरुवार, १० ऑक्टोबर
आज काही लिहायचं नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
गावात अफवा आहेत, म्हणून खरी हकिगत नोंदवून ठेवतो.

काल अकराच्या सुमाराला थोरले मनोरा बघायला आले. थोरले म्हणजे तौफाओ, गावचे मुख्य सरदार. वय एक्याऐंशी. त्यांच्या समोरून जाताना आम्ही सगळे कमरेत वाकून जातो. ते काठी टेकत मनोऱ्याच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. वर कप्पीने लाल पत्र्यांचा गठ्ठा चढत होता. मला दोराची गाठ सरकताना दिसली.

मी त्यांना यथोचित मान देऊन बाजूला होण्याची विनंती केली. ते झाले. गठ्ठा पडला. जिथे ते उभे होते तिथे हातभर खड्डा पडला. थोरले वाळूच्या ढिगात बसलेले होते. चप्पल एक सापडली नाही.

एवढंच घडलं. मी ओरडलो असं जे म्हणतात त्यांना सांगावंसं वाटतं की वारा होता.

आज इन्स्पेक्टर येऊन काम बंद करून गेला. अपघाताचा रिपोर्ट लिहून पेरेनीसेकडे द्यायचा. तो मंजूर झाल्याशिवाय काम सुरू नाही, आणि मला सर्टिफिकेटही नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर
सिलीपा म्हणते, तिला रस्त्यापलीकडे घरात ऐकू आलं. तिन्ही कोंबड्या आत पळाल्या. आणि शब्द तिने स्पष्ट ऐकले: "हट रे म्हाताऱ्या."

मी म्हटलं, चाळीस वर्षांत माझ्या तोंडून असं वाक्य ऐकलंयस का कधी? ती म्हणाली, "चाळीस वर्षांत तुमच्या तोंडून एवढं छोटं वाक्यच ऐकलं नाही."

सोमवार, १४ ऑक्टोबर
सभा. पासीनाने विषय काढला. सात कामगार साक्षीला, सातही जण तेच शब्द सांगतात. पाठ करून आल्यासारखे.

मी एक तास दहा मिनिटं बोललो. सिद्ध केलं की असे शब्द माझ्या तोंडून निघणं व्याकरणाच्या, वंशाच्या आणि संस्कारांच्या दृष्टीने अशक्य आहे. थोरले समोरच बसले होते, डोळे मिटून. पासीना शेवटी म्हणाला, "ओरडलास असं कबूल केलंस, तर थोरल्यांचा जीव तू वाचवलास. नाही ओरडलास म्हणतोस, तर मग वाचवला कोणी?"

मी म्हटलं, वाऱ्याने.

सभेने ठराव केला. परमेश्वराचे आभार, वाऱ्याचे आभार. माझा उल्लेख नाही. विजय माझाच झाला. घरी येताना मात्र पाय जड वाटत होते. बूट.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
ट्रेनिंगचा शेवटचा दिवस. दहा जणांना सर्टिफिकेटं मिळाली. माझा रिपोर्ट परत आला. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: धोका दिसल्यावर नेमकं काय बोललात. मी चार पानं जोडली होती.

पेरेनीसेने चारही पानं वाचली, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. म्हणाली, "काका, हे सगळं बोलला असतात तर थोरले चार वेळा मेले असते. जे बोललात ते लिहा. खोटा रिपोर्ट मी मंजूर करत नाही."

मी सांगितलं, लेउतू हा किताब नऊ पिढ्यांचा आहे. नऊ पिढ्यांत कोणी थोरल्या सरदाराला म्हातारा म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असेल तर लिहून दिलेलं नाही. ती म्हणाली, "पण बरोबर होतं ते. मला जे त्या वेळी जमलं नाही ते तुम्हाला जमलं." आणि खिडकीकडे तोंड करून फळा पुसायला लागली. फळा दुसऱ्या बाजूला होता.

नापास करा म्हटलं. आलो निघून.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर
काम बंद, दोन आठवडे झाले. उद्घाटन ३० नोव्हेंबरला. सहाशे पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली आहेत, न्यूझीलंडहून नातेवाईकांची तिकिटं झालीत.

सगळे माझ्याकडे येऊन जातात. एतुआले ओट्यावर बसून असतो. "काका, तीन शब्द आहेत. मीच लिहितो, तुम्ही नुसती सही करा." आज पासीनाही आला, भाजलेली कोंबडी घेऊन. म्हणाला, छप्पर हिरवं करायचं असेल तर पुन्हा बोलू. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ होता.

कोंबडी ठेवून घेतली. रिपोर्टवर सही केली नाही. एक माणूस साऱ्या गावाविरुद्ध उभा राहू शकतो, हे पुढच्या पिढ्यांना कळायला हवं. चर्चला छप्पर नसलं तर तेही त्यांना कळेलच.

रविवार, ३ नोव्हेंबर
प्रार्थनेनंतर थोरल्यांनी बोलावलं. एकट्याला. मधे कावाचं, म्हणजे मानाच्या पेयाचं, भांडं, दुसरं कोणी नाही. मी वंदन सुरू केलं. त्यांनी हात वर केला, थांबलो.

ते म्हणाले, "लेउतू, किताब मिळाल्याला मला पंचावन्न वर्षं झाली. तेव्हापासून मला कोणी घाई करायला सांगितलेली नाही. त्या दिवशी तू ओरडलास आणि माझे पाय माझ्या आधी हलले. तू नेहमीसारखं बोलायला लागला असतास, तर मीही नेहमीसारखा ऐकत उभा राहिलो असतो."

मी खाली बघत होतो. म्हटलं, मी ओरडलो नव्हतो.

"वाऱ्याला माझं वय कसं कळलं?"

यावर माझ्याकडे मुद्दा नव्हता. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. मग ते म्हणाले, लिहून दे. आणि जरा थांबून, "एक मात्र आहे. कागदावर आलं की गावभर होणार. उद्घाटनाला तू भाषणाला उभा राहिलास की लोक तुझ्याकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील, आणि चर्चमध्ये हसू फुटेल. त्या दिवशी पासीनाला बोलू दे."

उद्घाटनाचं भाषण मी मार्चपासून लिहितोय. साठ पानं झालीत, प्रस्तावना होत आली आहे.

मी म्हटलं, जशी आज्ञा. दोन शब्द. त्यांनी कावाची वाटी पुढे केली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर, आपिया, सकाळी ९
फॉर्म भरला. नेमकं काय बोललात: "हट रे म्हाताऱ्या." सही.

अक्षर चांगलं आलं नाही. पेन खराब. पेरेनीसेने वाचलं, हसली नाही. शिक्का मारला. म्हणाली, लेखी परीक्षा शुक्रवारी पुन्हा देता येईल, पास व्हायला अठरा मार्क लागतात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
एकोणीस.

विजेची आग पाण्याने विझवू नये. तीन शब्दांत लिहिता आलं असतं, मी पाच वापरले. नमतं घेतलं असं कोणी म्हणू नये. काम सोमवारपासून सुरू.

हेल्मेटचा आतला पट्टा सैल केला की ते बसतं. कंपनीने सुधारणा केलेली दिसते.

शनिवार, ३० नोव्हेंबर, सायंकाळ
उद्घाटन झालं. छप्पर लाल आहे, लांबून बरं दिसतं. मनोरा वेळेत पुरा झाला नाही. मधे काही दिवस काम का बंद होतं, यात आता शिरत नाही. मनोऱ्यावर अजून परांची आहे, त्यामुळे त्याच्याखालून कोणाला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि तिथे कोणीतरी उभं राहणं भाग होतं. सकाळी सातपासून मीच राहिलो.

सहाशे माणसं आली. सगळी समोरच्या दाराने आत गेली. पासीना दीड तास बोलला म्हणे. मनोऱ्यापाशी ऐकू येत नाही. मधे एकदा सगळे हसले, पण कशाला ते कळलं नाही. भाषण सुरू झाल्यावर पाऊण तासाने सिलीपा जेवण घेऊन आली, पानात बांधलेलं डुकराचं मांस आणि तारो. पासीना कसा बोलतोय, विचारलं. "लांबवतोय," म्हणाली. ती मनोऱ्याभोवती बांधलेल्या दोरीच्या आत यायला लागली, मी बाहेरच थांब म्हटलं. थांबली. मग आम्ही दोरीच्या दोन बाजूंना उभ्या उभ्या जेवलो.

न्यूझीलंडहून आलेल्या एका मुलीचा चेंडू आत घरंगळला. मी आणून दिला. दुपारी थोरले बाहेर पडले, लांबून गेले, काठी जराशी उचलली. मी मान लववली. हेल्मेट पडलं नाही.

रोजचा फॉर्म भरायचा असतो. तारीख, जागा, हवामान. शेवटचा रकाना: आज काय घडलं. जागा बोटभर. मी पेन घेऊन बराच वेळ बसलो. एतुआले कुलूप घेऊन खोळंबला होता, त्याला कामाच्या जागेवरची टपरी बंद करायची होती. शेवटी लिहिलं: काही नाही.

वाचून एतुआले म्हणाला, "छान, काका." आणि फॉर्म फाइलला लावला.